हंस काळे झाले, केले नाहीत

“हे हंस आहेत की कावळे, तुम्हीच सांगा,” मॅनेजर कारखानीस म्हणाले, आणि छत्रीच्या टोकाने त्यांनी तळ्याकडे बोट दाखवावे तसे दाखवले.

हंस खरोखरच काळे पडले होते. परळच्या या गोष्टींच्या बागेत शिरताच समोर एक लहान तळे लागते. तळ्यावर सिमेंटचे दोन मोठे हंस लोखंडी सळयांवर उडत्या अवस्थेत बसवलेले आहेत. दोघांच्या चोचींत एक काठी आणि त्या काठीला मधोमध तोंडाने लटकलेले हिरवे कासव. बडबड्या कासवाची ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही. तरी खाली पाटी आहे : ‘न बोलण्यात नऊ गुण’. काठावर आणखी काही हंस माना वर करून हा देखावा पाहत बसलेले असतात. आदल्या संध्याकाळपर्यंत ते सगळे दुधासारखे पांढरे होते, असे कारखानीस सांगत होते. सकाळी पाहिले तर ही अवस्था.

बाग पावसाळ्यात बंद असते. वसुबारसेला उघडते आणि होळीला पुन्हा बंद होते. लहानपणी वडिलांबरोबर गिरगावातून ट्रामने मी दर वर्षी इथे येत असे. त्या काळी हे हंस मला घराएवढे वाटत. आता मी त्यांच्यासमोर उभी होते ती रंगांच्या कारखान्याची केमिस्ट म्हणून. आमचा कारखाना कॉटन ग्रीनच्या बाजूला. हंसांना लावलेला पांढरा रंग आमचा होता, म्हणून तक्रारही आमच्याकडे आली होती.

प्रयोगशाळेबाहेर पडून गिऱ्हाइकाकडे जाण्याची ही माझी पहिली वेळ. अशा कामाला आमच्याकडे ‘टेक्निकल सर्व्हिस’ म्हणतात. त्या जागेवर तोवर बाई नेमलेली नव्हती. मला ती जागा हवी होती, आणि ही गोष्ट मी लपवलेली नव्हती. चीफ केमिस्ट दारूवाला साहेब स्वतः बरोबर आले होते, ते हंस पाहायला नव्हे; मला पाहायला.

कारखानिसांची घाई समजण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मंत्री बाग उघडायला येणार होते. द्वैभाषिक राज्याचे ते दिवस. मंत्री कुठेही गेले की काळी निशाणे निघत. बागेलाही पोलिसांकडून दोनदा बजावून झाले होते.

“काळं निशाण एक वेळ हिसकावून घेता येतं हो,” कारखानीस म्हणाले. “हंस कुठे हिसकावणार? दारातच तोंडाला काळं फासल्यासारखं झालंय. ट्रस्टींना मी काय सांगू?”

मी काम सुरू केले. रंग काळा झाला, एवढ्यावर केमिस्टचे भागत नाही. कुठे झाला आणि कुठे नाही, हे आधी पाहायचे असते. तळ्याकडची बाजू सर्वांत काळी होती. पाठीमागे, पंखांच्या खाली, रंग अजून पांढरा होता. हिरवे कासव जसेच्या तसे. दूर, ससा-कासवाच्या शर्यतीच्या देखाव्यातला ससा पांढराशुभ्र. मी रुमाल घासून पाहिला. काळे निघाले नाही. म्हणजे वर कोणी काही लावलेले नव्हते. पांढरा रंगच काळा झाला होता. तळ्याच्या काठावर ओल्या चिखलाचा एक मोठा डाग होता, आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता.

“इथे काय होतं?” मी विचारले.

“गाळ,” मागून आवाज आला. “पावसाळाभर तळ्यात पानं कुजली. काल उपसला, रात्रभर इथंच पडून होता, आज गाडीत भरून दिला. का? तो पण काळा होता म्हणून धरताय की काय?”

बोलणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. खांद्यावर पंचा, बोटांना रंग. हे परब, लालबागचे. गणेश चतुर्थीपर्यंत गणपती रंगवायचे, आणि त्यानंतर या बागेतले प्राणी. सगळी बाग वर्षानुवर्षे त्यांनीच रंगवलेली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यांत ते पुढे असत, आणि ही गोष्ट ते बागेच्या फाटकात उभे राहून मोठ्याने सांगत.

खरे सांगायचे तर उत्तर मला तेव्हाच मिळाले होते. पांढरा रंग ज्या पुडीपासून होतो, तिला सफेदा म्हणतात. सफेदा दोन जातींचा : एक जस्ताचा, एक शिशाचा. कुजलेल्या गाळातून एक वायू निघतो, हायड्रोजन सल्फाइड. घरातली चांदी काळी पडते ती याच मंडळींमुळे. जस्ताच्या सफेद्याला हा वायू काही करत नाही. शिशाचा सफेदा मात्र तो एका रात्रीत काळा करतो. आमच्या सेल्स खात्याने बागेला शिशाचा सफेदा दिला होता. जुना स्टॉक संपवायचा होता.

मी दारूवाला साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हटले, “सल्फाइड, सर. व्हाइट लेड.”

“मालूम छे,” ते तितक्याच हळू म्हणाले. “पण दीकरी, इधर लेड का नाम मत निकालना. पहले लॅब टेस्ट. अभी जनरल बोल दे.”

जनरल, म्हणजे मोघम. मी कारखानिसांकडे वळले आणि इंग्रजीत सांगितले. शब्द मला तोंडपाठ आहेत. “धिस इज अ सरफेस अटॅक बाय अ‍ॅन एक्स्टर्नल एजंट. द पेंट इटसेल्फ इज साउंड.”

रसायनशास्त्रात हे वाक्य निर्दोष आहे. ‘एजंट’ म्हणजे परिणाम घडवणारा पदार्थ. ‘अटॅक’ म्हणजे त्या पदार्थाची क्रिया. ‘एक्स्टर्नल’ म्हणजे रंगाच्या डब्यातला नव्हे, बाहेरचा.

“अटॅक?” कारखानीस म्हणाले. “म्हणजे आपोआप झालेलं नाही हे?”

“डेफिनिटली नॉट स्पाँटेनियस.”

“आणि एजंट बाहेरचा.”

“एक्स्टर्नल. येस.”

त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो माझ्या ज्ञानाचा परिणाम आहे, असे मला वाटले. दारूवाला साहेबांनी मान हलवली. ती माझ्या नेमणुकीची मान आहे, असेही मला वाटले.

परब पुढे आले. “बाई, मला नाय समजलं. माझं काम आहे हे. काय झालंय ते आपल्या भाषेत सांगा की.”

मी त्यांच्याकडे पाहिले. पुढचे उत्तर लिहिताना मला आजही थांबावे लागते. मी गिरगावातली. ‘झालाच पाहिजे’ म्हणत मी स्वतः मोर्च्यात चालले होते, घसा बसेपर्यंत. कारभार आपल्या भाषेत चालावा, यावर आमच्या चाळीच्या गॅलरीत मी वाद घातले होते. आणि माझ्यासमोर एक मराठी माणूस मराठीत विचारत होता. ‘गाळातल्या वायूमुळे काळे पडले’, एवढे मराठीत म्हणायला श्वास किती लागतो?

“रिपोर्ट येईल,” मी म्हणाले.

परबांनी पाटीकडे पाहिले. “बाईंनी नऊ गुण वाचले वाटतं,” ते म्हणाले. बाजूला झाडणाऱ्या बाया हसल्या. माझे कान तापले. हा माणूस उद्धट आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले. त्यामुळे पुढचे काम सोपे झाले.

लॅबमध्ये परीक्षा दहा मिनिटांची होती. हंसाच्या पंखावरून खरवडून आणलेल्या काळ्या पापुद्र्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला. जखम धुवायला दवाखान्यात जे फसफसणारे पाणी वापरतात, तेच हे. थेंब फसफसला आणि काळे पांढरे झाले. कोळशाची पूड किंवा डांबर असते तर काळेच राहिले असते. सल्फाइड सिद्ध झाले. मी रिपोर्टचा मसुदा केला. त्यात ‘एक्स्टर्नल एजंट’ होताच; खाली कंसात वायूचे नावही होते. टायपिस्ट घरी गेली होती. सकाळी देऊ, असे ठरले. त्या रात्री मी आईला सांगितले की मॅनेजर माझ्याशी फार आदराने बोलले.

सकाळी कारखानिसांचा फोन आला.

“मिस केळकर, थँक यू. तुमच्यामुळे छडा लागला.”

“कसला छडा?”

“एजंट हो! तुम्ही अटॅक म्हटल्याबरोबर मी पोलिसांना कळवलं. त्यांनी विचारलं, तज्ज्ञाचं मत आहे का? म्हटलं, आहे. सायन्सवाल्या बाई स्वतः सांगून गेल्या, बाहेरच्या एजंटचं काम आहे. आपोआप झालेलं नाही. मग समितीचा माणूस बागेत कोण, एवढंच राहिलं. परबला कालच संध्याकाळी उचलला.”

माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न परबांविषयीचा नव्हता. ‘माझे नाव कुठे कुठे सांगितले?’ हा होता. तो मी विचारलाही. दुसरा प्रश्न त्यानंतर.

“परब आत आहेत? रात्रभर?”

“कबूल करत नाही म्हणे. म्हणतो, मीच रंगवले, मी कशाला काळे करू? पण बेरकी आहे.”

“कारखानीस साहेब, एजंट म्हणजे माणूस नाही. एजंट म्हणजे गॅस.”

“कसला गॅस?”

“गाळातला. तळ्यातल्या गाळातून निघालेला.”

मग ते हसले. “मिस केळकर, तुम्ही मनाच्या मोठ्या आहात. पण गरीब माणूस म्हणून त्याला सोडवायला असं काही बोलू नका. तुमचं इंग्रजी मी माझ्या कानांनी ऐकलंय.” आणि फोन ठेवला.

मी दारूवाला साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“आपण खोटं काय बोललो?” त्यांनी विचारले.

“काही नाही, सर.”

“मग? रिपोर्ट प्रॉपर चॅनलने जाएगा. सेल्स वाचेल, मी सही करीन. मंडे.”

“माणूस आज आत आहे, सर.”

“ते पोलीस का काम. तू तिथे जाऊन गॅस बोलली तर पुढचा प्रश्न काय? दुसरे रंग काळे का नाही झाले? मग तुला लेड बोलावं लागेल. मग आख्खी बाग फुकट रंगवून द्यायची, कंपनीने. टेक्निकल सर्व्हिसमध्ये जायचंय ना तुला?”

हा युक्तिवाद सुसंगत होता. मला सुसंगत युक्तिवाद आवडतात. मी टेबलाशी परत येऊन बसले, आणि बसूनच राहिले. चहा आला, तो प्याले. मधल्या सुट्टीनंतर मी पेरॉक्साइडची बाटली आणि कापूस पिशवीत घातला व दारूवाला साहेबांना सांगून निघाले. त्यांनी पुन्हा फाइल उघडली. हे धैर्य नव्हते. अर्धा दिवस उशिरा आलेल्या गोष्टीला धैर्य म्हणत नाहीत.

बागेत मांडव सजला होता. फाटकाबाहेर मुलांना घेऊन आलेल्या लोकांची गर्दी होती. तळ्यावरचे हंस पांढऱ्या चादरींनी झाकलेले होते, आणि त्यामुळे काळ्यापेक्षाही अशुभ दिसत होते. कोणी तरी त्यांना चुना फासून पाहिला होता. तेलाच्या रंगावर तो धरला नव्हता, पाण्यात ओघळून गेला होता. कारखानीस काळा कोट आणि पगडी घालून फिरत होते. बरोबर एक हवालदार.

मी परवानगी मागितली नाही. काठावरच्या एका हंसाची चादर ओढली, कापूस बाटलीत बुडवला आणि मानेवर फिरवला. फेस आला. मी थोडे थांबले, पुसले, पुन्हा लावले. कापसाच्या वाटेने पांढरी रेघ उमटली. मग मी ती रुंद करत गेले.

“आयला,” हवालदार म्हणाला. “साबण कुठला हा?”

“साबण नाही. हे फक्त एकाच जातीचं काळं घालवतं, गाळाच्या वायूमुळे झालेलं. कोणी काळा रंग लावला असता तर तो असा गेला नसता.” मांडवाच्या एका बांबूला डांबर लागलेले होते, त्यावर मी कापूस घासून दाखवला. डांबर काळेच राहिले. “आणि तो वायू सगळ्याच सफेद्याला काळं करत नाही. आमच्या कंपनीनं दिलेला सफेदा शिशाचा होता. तळ्याशेजारी तो द्यायला नको होता.”

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले की हे सगळे मी मराठीत बोलले, आणि कुठेही अडले नाही.

कारखानीस हंसाकडे पाहत होते. “मग काल एजंट म्हणालात ते?”

“केमिस्ट्रीत एजंट म्हणजे पदार्थ.”

“मग पदार्थ म्हणायचं की हो!” त्यांचा आवाज चढला, आणि गर्दीच्या भानाने पुन्हा उतरला. “मी इंटरला नापास झालेला माणूस. मला काय कळतंय तुमचं? मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा विचारलं.”

विचारले होते. ते ऑफिसात जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. मी हंस पुसत राहिले. झाडणाऱ्या बायांनी कापूस घेतला आणि त्याही पुसू लागल्या. आदल्या दिवशी त्या हसल्या होत्या.

मंत्री यायच्या थोडे आधी परब फाटकाशी आले. बरोबर त्यांची बायको होती. तिने त्यांचा दंड धरला होता, जणू ते चालताना कलतील. त्यांना ब्रश आणि डबे न्यायचे होते. फाटकावरच्या माणसाने अडवले. आजच्या दिवस परबांना आत सोडू नका, असा कारखानिसांचा हुकूम होता. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. तेव्हा मीच बाहेर गेले.

“परब, मी काल तुम्हाला सांगायला हवं होतं,” मी सुरुवात केली. “हंस गाळातल्या वायूमुळे काळे पडले. तुम्ही—”

“काय?” त्यांनी मान फिरवून उजवा कान पुढे केला. डाव्या बाजूचा कान आणि गाल सुजून एक झाले होते. “या बाजूनं बोला. त्या कानात नुसतं गुंईऽऽ चाललंय.”

मी त्या बाजूला गेले आणि पुन्हा सांगितले.

“मोठ्यानं, बाई.”

“गाळातल्या वायूनं!” मी म्हणाले. “हंस काळे झाले. कोणी केले नाहीत.”

रांगेतली माणसे वळून पाहू लागली. परबांच्या बायकोने माझ्याकडे पाहिले. तिला सगळे स्वच्छ ऐकू गेले होते.

“अजून एकदा,” परब म्हणाले. ते चिडलेले नव्हते. त्यांना खरोखर नीट ऐकायचे होते, आणि बाकीच्यांनीही ऐकावे, असेही हवे होते. “मघाशी चौकीतून बाहेर पडलो तेव्हा सगळ्यांनी बघितलंय मला. आता हे पण ऐकू दे.”

तेव्हा मी फाटकासमोर उभी राहून ओरडले. मोर्च्यात ओरडले होते, त्याहून मोठ्याने. हंस गाळातल्या वायूने काळे झाले, परबांनी काही केले नाही, रंग आमच्या कंपनीचा होता. आत बँडवाल्यांनी सूर जुळवायला सुरुवात केली होती, म्हणून शेवटचे वाक्य मला दोनदा म्हणावे लागले.

“एवढंच होतं?” परब म्हणाले. “सोपं होतं की हो. मला वाटलं, मोठं काही असेल, म्हणून सांगत नाय तुम्ही.”

बायकोने त्यांचा दंड ओढला. डबे मी आतून आणून दिले. ते घेताना त्यांनी आभार मानले, आणि त्यात टोमणा नव्हता.

मंत्री आले, नारळ फुटला, बाग उघडली. काळे निशाण कोणी दाखवले नाही. आमच्या कंपनीने जस्ताचा सफेदा बिनपैशाने दिला. रंगवण्याचे काम मात्र ट्रस्टींनी दुसऱ्याला दिले. ज्याला एकदा पोलीस घेऊन गेले, तो मुलांच्या बागेत नको, असे कारण पडले. परबांसाठी मी ट्रस्टींना भेटून आले. त्यांनी चहा दिला. परबांना डाव्या कानाने, महापालिकेच्या डॉक्टरांनी सांगितले त्याप्रमाणे, आता इतकेच ऐकू येणार. लालबागच्या कारखान्यात ते गणपतीचे डोळे अजून रेखतात; डोळ्यांना कान लागत नाहीत, असे तेच म्हणतात.

टेक्निकल सर्व्हिसची जागा मला सहा महिने उशिरा मिळाली. दारूवाला साहेबांनीच शिफारस केली. त्यांच्या मते मी ‘अनसेफ बट युजफुल’ आहे. आता साइटवर गेले की मी निष्कर्ष आधी तिथे काम करणाऱ्या माणसाला सांगते, त्याला कळला की मॅनेजरला, आणि साहेबांना शेवटी. यात फार वेळ जातो, अशी साहेबांची तक्रार आहे. जातो खरा.